तिसरा गोळा

"फुंकायचं नाही काका, ओढायचं,"
शाहीन मुजावर तिसऱ्यांदा सांगते.
मिरजेच्या दवाखान्यातली खोली, फिकट हिरवी,
माझ्या हातात प्लॅस्टिकचं खेळणं:
तीन नळ्या, तीन निळे गोळे.
मी सवयीनं फुंकतो.
एकोणतीस वर्षं तोंडात फुंकणीच होती,
जम्मूच्या एका बोळात, मुशीपुढं,
विट्याकडची आम्ही चौघं पोरं
आणि तेजाबाचा पिवळा धूर.

ओढतो.
पहिला गोळा उठतो. दुसरा अर्धा.
"याआधी कधी असा दम लागलाय?"

लागला होता. एकदाच.
दिस्कितच्या सोनाराकडं माझे चौदा हजार अडकलेले,
लेहला पोचलो तर टॅक्सीवाल्यांचा संप.
म्हणून बुलेट घेतली, भाड्यानं.
दिवसाला बाराशे, आधार कार्ड ठेवून जा, म्हणाला पोरगा,
आणि टाकीवरच्या एकेका ओरखड्याचा फोटो काढत बसला.
मला ते आवडलं.
मीही मोड घेताना आधी वजन बघायचो,
मग डाग, मग गिऱ्हाईकाचं तोंड.

त्याआधी चालवली होती ती मेव्हण्याची लूना,
रेवणगावच्या घाटात,
मागं डाळिंबाचं क्रेट बांधून.

चौकी मागं पडली तसं डांबर फाटलं.
वितळलेलं पाणी रस्त्यावरूनच वाहत होतं,
टायरखाली बर्फ मोडत होतं खडीसाखरेसारखं.
खाली बघायचं नाही, असं ठरवलं
आणि प्रत्येक वळणावर बघितलं.
मग गाडीला खोकला सुटला.
तो खोकला माझ्या ओळखीचा:
भात्याचं कातडं फाटलं की भट्टी अशीच करते,
कोळसा लाल होतो,
पांढरा होत नाही.
उतरलो. ती पहिल्या गिअरात, मी बाजूनं,
दहा पावलं, थांबा.
सात पावलं, थांबा.
गाभण म्हैस चढाला न्यावी तसं,
तिच्या कलानं.

माथ्यावर पताका, पत्र्याचं चहाचं दुकान, एक फौजी.
"वीस मिनिटांच्या वर थांबू नका, पाव्हणं."
पाव्हणं ऐकलं आणि डोळ्यांत पाणीच आलं.
कोरेगावकडचा होता. नाव विचारायचं राहिलं.
बिडी काढली.
लायटर दाबतोय, दाबतोय, नुसती ठिणगी.
जन्मभर जाळ सांभाळलेला माणूस मी,
तिथं चिमूटभर पेटेना.
हसू आलं,
पण हसायलाही हवा पुरली नाही.

सोनारानं चहा पाजला, मिठाचा.
पैसे पुढच्या महिन्यात, म्हणाला,
आणि किलोभर जर्दाळू बांधून दिले.
परतल्यावर पोराला मडगार्डावर नवा ओरखडा सापडला,
पाचशे कापले.

शेवंताला सांगितलं, मिळाले पैसे.
तिच्याच भावाकडून उसने आणून
चौदा हजार तिच्या हातात मोजले.
जर्दाळूच्या बिया तिनं परसात पुरल्या,
दोन उन्हाळे धुण्याचं पाणी घातलं.
तिसऱ्या उन्हाळ्यात तिथं शेवगा लावला.

"काका? लागलाय का दम?"
दार उघडं आहे.
बाहेरच्या बाकावर ती, मांडीवर फाईल,
पिशवीत भाकरी.
"न्हाई," मी म्हणतो. "कवाच न्हाई."

आत न बघताच ती बोलते,
फाईलची नाडी बांधत,
"सांगा की पोरीला खरं. जर्दाळू आणल्यालं तवाचं."

शाहीन एकदा तिच्याकडं बघते, एकदा माझ्याकडं.
"कसले जर्दाळू?"
मी नळी तोंडात धरतो.
ओढतो.
दुसरा गोळा वर जाऊन टेकतो.
तिसरा जागच्या जागी
खुळखुळतो जरासा.